हवा लागलेली बाटली

चिमणे,

दूधवाल्याच्या गाईंसाठी तू आणलेल्या बाटलीचं बूच मी काल कौतुकानं उघडून पाहिलं. बाटलीत आहे ती गाईच्या पोटातली बुरशी पेंढ्याचे ताठ धागे सैल करते आणि चारा अंगी लागतो, हे तुझ्या प्रबंधात वाचलं होतं. हवा लागली की ती मरते, हे पुढच्या पानावर निघालं.

ती बाटली आज वापरू नकोस. चूक माझी, हे सांगायला मी दूधवाल्याच्या गोठ्यावर पुढे गेलोय. तुझ्या प्रयोगाला आजचा एकच दिवस देऊन वर ‘पोरगी शेणात डिग्री शोधते’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थाकडून आणखी आठवडा मागून घेतो. चारचौघांत माझी जीभ अडखळते खरी, पण विषय तुझा निघाला की लोकांनाच मला आवरावं लागतं.

बाबा