गुणवंताची कटती

सौसर, सोमवार, २३ जानेवारी १९८९

पांढुर्ण्याचे माझे एकुलते एक भाऊजी भगवंतराव यांस,

सौसरहून उत्तमचा नमस्कार. वाकून केला आहे. कितपत वाकता आलं, ते पुढे कळेलच. तुमचा गुडघा, वत्सलाताईचा खोकला आणि बगिच्यातल्या संत्र्यांचा मृगबहार, तिन्ही ताळ्यावर असावेत. इकडे माय ठणठणीत आहे. मी मात्र कालपासून ओट्यावर बसून आहे, नागपूरला सुट्टीची तार केली आहे आणि चहासुद्धा दुसऱ्यांदा मागितलेला नाही, यावरून काय ते समजा.

तुम्हाला माझा सगळा उद्योग ठाऊकच आहे. अकरावीत आपटलो, लोधीखेड्यापासून मोहगावपर्यंत दुकानांचे बोर्ड रंगवले, त्या पैशातून रात्रशाळा केली, आणि आज नागपुरात कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाणींचे नकाशे काढायचे प्रोग्राम लिहून राहिलो. (गावाला हे अजून पटलेलं नाही. पडदा म्हटल्यावर लोक रविवारी बिघडलेले टीव्ही घेऊन येतात; दोन दुरुस्तही झाले, कसे ते मला माहीत नाही.) शिडीवर चढून ब्रश मारायचो तेव्हा अंगावर बोटभर चरबी नव्हती. आता थंडगार खोलीत दहा-दहा तास खुर्चीवर. हलतात ती फक्त बोटं, आणि ती तेवढी अजून बारीक आहेत.

दसऱ्याच्या आधी पुंडलिकरावांच्या जयश्रीची गोष्ट तुम्हीच काढली. मुलगी गणिताची मास्तरीण, ताईच्याच शाळेत. पहिल्या ठिकाणी मुलाचं वय सहा वर्षांनी लपवलं होतं म्हणून तिनेच मोडलं, हेही तुम्ही सांगितलं होतं. आमची भेट झाली तेव्हा तिने मला नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. माझ्याकडे (सगळ्या माझ्याकडे) एकदा पाहून म्हणाली, की वजन किती का असेना, आकडा खरा सांगत जा. मला मुलगी तिथेच पसंत पडली. आणि पसंत पडली म्हणून मी ठरवलं, की खराच सांगायचा, पण कमी करून.

डॉक्टरने तेल बंद केलं. मायला म्हटलं, मोजून दोनच भाकरी. तिने मोजून दोनच दिल्या, पण तवा बदलला. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीचा उपास धरला. आणि दर रविवारी रामाजी शेठच्या जिनिंगमध्ये कापसाच्या मोठ्या काट्यावर उभा राहू लागलो, कारण दवाखान्यातल्या काट्यावर माझा विश्वास नाही. त्यावर बसायला लहान पोरं रडतात, ते काही उगाच नाही. काटेवाला गुणवंता तिथला बावीस वर्षांपासूनचा जुना माणूस. तो वजन करायचा आणि कागदावर आकडा लिहून द्यायचा. पहिल्या रविवारी चौऱ्याण्णव. पुढच्या रविवारी त्र्याण्णव. मग ब्याण्णव. भाऊजी, दर आठवड्याला किलो! पँट सैल होईना म्हणून मी शिंप्याला चार शब्द ऐकवले, काट्याला नाही. तेरा रविवारचे तेरा आकडे कॉम्प्युटरला भरवले, रेघा काढणाऱ्या यंत्रावर त्यांचा सुंदर आलेख काढला, खाली "वजन, खरे" असं लिहिलं, आणि गेल्या गुरुवारी नागपुरातून जयश्रीला शाळेच्या पत्त्यावर पाठवून दिला. शेवटचा ठिपका ब्याऐंशीवर.

आता कालचं ऐका. माझे कान तिखट आहेत. हलक्या रंगात ब्रश बुडाला तर आवाजावरून सांगेन. काल एक्क्याऐंशीची चिठ्ठी घेऊन आनंदात निघालो, तर कापसाच्या ढिगामागून गुणवंता शेठला सांगून राहिला होता, की इंजिनेर भाऊची आज पंधरा किलो कापली, गडी चूं करत नाही.

मी परत फिरलो. काय कापलं, विचारलं. कटती, म्हणाला. बारदान्याची आणि ओलीची म्हणून कापसाच्या वजनातून कापतात ती. माणसाला कसला बारदाना? तर कपडे. कसली ओल? तर घाम. ते दोन किलो मीही सोडले असते. बाकीचे तेरा?

"तुमी कधी हुज्जतच नाई केली, भाऊ," गुणवंता शांतपणे म्हणाला. "जो हुज्जत नाई करत, त्याची कटती दर खेपेला वाढते. काट्याचा कायदा होय तो. हाताला सवय पडली, मी तरी काय करू?"

पुन्हा चढलो. शहाण्णव. पहिल्या चिठ्ठीत कटतीचे दोन मिळवले, तर दसऱ्यालाही शहाण्णवच होतं. तीन महिन्यांत न उपासाने घटलं, न दिवाळीच्या फराळाने वाढलं. मी, ज्याला आजवर एकाही दुकानदाराने फसवलं नाही, मला एका माणसाने फसवायचा विचारही न करता तेरा आठवडे फसवलं, आणि मी दर वेळी त्याला धन्यवाद देऊन आलो. आणि ज्या मुलीला खोट्या आकड्याचीच चीड, तिला मी खोटा आकडा सुबक काढून पाठवला आहे. ती आता मला हसून नाही म्हणणार नाही. न हसता म्हणेल. त्याचीच भीती वाटून राहिली.

सर्वांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमचा,
उत्तम

ता. क. खरं काम राहिलंच. शाळेचं टपाल चपराशी ऑफिसच्या टेबलावर ठेवतो, आणि ताई तिथून येते-जाते. नागपूरचा शिक्का असलेलं लांब पाकीट दिसलं तर तिने ते आपल्या पिशवीत टाकावं. पाप लागलं तर माझ्या नावावर. माझ्यात जागा आहे.

ता. क. दुसरा, मंगळवार संध्याकाळ. पत्र खिशातच राहिलं. ताईला काही सांगू नका. पाकीट शनिवारीच पोचलं होतं. आज दुपारी जयश्री वडिलांसोबत जामसांवलीच्या दर्शनाला म्हणून आली आणि दर्शनाआधी आमच्या ओट्यावर. आलेख तिच्या पिशवीतच होता. माणूस इतक्या सरळ रेघेत उतरत नाही, म्हणाली, दिवाळीच्या आठवड्यात तरी वाकायला हवी होती. यात यंत्राची लबाडी आहे की तुमची? मी सगळं सांगितलं. ती मला आणि पुंडलिकरावांना घेऊन तडक जिनिंगला गेली. गुणवंताकडून तेराही आठवड्यांची कटती तोंडपाठ वदवून घेतली, आणि एकेका किलोवर अशी भांडली, की गाडीवाले बैल सोडून ऐकायला आले. शेवटी मला काट्यावर चढवलं, स्वतः वाकून आकडा वाचला, आणि आलेखावरच्या ब्याऐंशीवर काट मारून आपल्या पेनने शहाण्णव लिहिलं. मी उतरायचं विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"शहाण्णव चालेल," ती म्हणाली. "ब्याऐंशी चाललं नसतं."