भिंगरी डावीकडे वळत नाही

३ जानेवारी, रविवार

अन्याय! याखेरीज दुसरा शब्द नाही.

कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीत माझी भिंगरी डावीकडच्या उडीपाशी थांबली म्हणून परीक्षकाने मूठ वर केली. मूठ वर केली म्हणजे कुत्र्याने नकार दिला, असा या स्पर्धेचा नियम आहे. पुढच्या डाव्या उडीलाही मूठ. त्यापुढे तिसरी मूठ, आणि शिट्टी. बाद! सर्वांसमक्ष मैदानाबाहेर!

माझी कुत्री नकार देणारी नव्हे. बस आगाराच्या भिंतीमागे पोत्यात सापडलेले हे पिल्लू मी हाताने वाढविले. डुगडुगत्या फळीवरून ती न बिचकता उतरते. ती गुडघाभर उंचीच्या दांडीस भिणार?

परीक्षकास जाब विचारला, तर म्हणाला, "आजोबा, नियम सगळ्यांना सारखेच." आजोबा! मी त्याचा आजोबा असतो तर वडील माणसाशी बोलताना खिशातून हात काढावयास शिकविले असते.

अंतिम स्पर्धेत उतरण्यासाठी एक निर्दोष फेरी हवी. आता एकच संधी उरली आहे.

सूनबाई पाण्याची बाटली घेऊन आली. घेतली नाही.

६ जानेवारी, बुधवार

घराच्या बाजूच्या बोळात सराव घेतला. बादल्यांवर झाडूचे दांडे, जुने पडदे शिवून केलेला बोगदा, बसचे टाकाऊ टायर. डाव्या हाताला भिंत असल्यामुळे सर्व अडथळे उजवीकडेच मांडावे लागतात. भिंगरीने एकही चूक केली नाही. एकही नाही! मग दोष कुत्रीचा की त्या मूठवाल्याचा?

१० जानेवारी, रविवार

प्रशिक्षक सदैव च्युइंगम चघळत बोलतो. आज म्हणाला, "काका, ती तुमचे शब्द ऐकत नाही, तुमचे खांदे बघते. तुम्ही जिकडे बघाल तिकडे ती पळणार. आणि तुम्ही डावीकडे बघतच नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. सारी हयात मी माणसांनी भरलेली बस चालविली. एका सायकलस्वारास कधी धक्का लागला नाही. वरिष्ठांनी भर सभेत सांगितले होते, "याच्यासारखी नजर आगारात दुसरी नाही." आणि कालचे हे पोर मला पाहावयास शिकविणार!

"माझ्या नजरेविषयी तुम्ही बोलू नये," एवढेच म्हणालो.

"बरं काका. तुम्ही म्हणाल ते." पुन्हा चघळणे सुरू.

परतताना कोणा शहाण्याने वाटेतच ठेवलेली लोखंडी खुर्ची डाव्या नडगीस लागली. रक्त आले. खुर्ची जागेवर ठेवण्याची शिस्तही लोकांस राहिलेली नाही.

१३ जानेवारी, बुधवार

सूनबाईशी बोलणे बंद.

१४ जानेवारी, गुरुवार

कारण लिहून ठेवतो.

दातांचे डॉक्टर आपल्या झुलपेदार परदेशी कुत्र्यास फिरवीत असताना भेटले. म्हणाले, "तुमच्या सूनबाईंबरोबर काय पळते हो भिंगरी! गोळी सुटावी तशी!" मला ठाऊकच नाही! मी दुपारी झोपलो की ही बाई माझी कुत्री मैदानावर नेते, आणि गावभर ठाऊक असलेली गोष्ट मला दातांच्या डॉक्टरकडून कळते.

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारले. तिने हातातील पातेले खाली ठेवले.

"बाबा, मला फक्त बघायचं होतं, तिला डावीकडचं जमतं का."

"मग?"

तिने पातेल्यावर झाकण ठेवले. मी पुन्हा विचारले.

"जमतं, बाबा."

त्यानंतर जेवलो नाही. रात्री मुलगा ताट घेऊन खोलीत आला. "रुसायला तुम्ही काय लहान आहात का?" मी दार लावून घेतले. ताट आत राहिले. ते भिंगरीने स्वच्छ केले.

१७ जानेवारी, रविवार

काहीही झाले असले तरी अक्षर वाकडे येऊ देणार नाही.

आरंभ उत्तम होता. खांबांमधून नागमोडी पळणे झाले, चढाच्या फळीवरील पिवळ्या पट्ट्यास तिने नियमाप्रमाणे पाय लावला. लोक टाळ्या वाजवू लागले. शेवटी डावीकडची उडी आणि बोगदा, एवढेच उरले. मी "उडी!" म्हणून आज्ञा दिली आणि धावलो. भिंगरी उडीकडे गेलीच नाही. ती माझ्या डाव्या पायाशी आडवी उभी होती. ती मला दिसली नाही. तिच्यावरून मी तोंडघशी पडलो. दांडीही पडली, खांबही पडला.

परीक्षकाने या खेपेस मूठ वर केली नाही. धावत येऊन मला उठविले. त्याची मूठ परवडली असती!

भिंगरी तोंड चाटू लागली. मी ओरडलो, "चालती हो!" तिने कान पाडले. परंतु गेली नाही.

मुलगा गाडीत म्हणाला, "पुरे झालं आता, बाबा." सूनबाई पुढे बसली होती. तिने त्याच्या दंडास हात लावला, आणि त्याने गाडी सुरू केली. माझी कीव करतात! दोघेही!

घरी आल्यावर तिने सांगितले, "एका स्पर्धकाने नाव मागे घेतलं, बाबा. अंतिम स्पर्धेत आपल्याला जागा देतायत." मी खोलीत निघून गेलो. भीक आहे ती.

२० जानेवारी, बुधवार

फसवणूक! गुडघा दाखवू म्हणून नेले, आणि दवाखान्याच्या पाटीवर हा एवढा मोठा डोळा!

चारचौघांत तमाशा नको म्हणून आत गेलो. सूनबाईस बाहेर बसविले. एका पेटीत हनुवटी टेकवून समोर पाहावयाचे आणि दिवा चमकला की बटण दाबावयाचे. मी बराच वेळ दिव्याची वाट पाहत बसलो. यंत्र बंद पडले असावे, असे सांगितले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही हो, चालू आहे."

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला आहे. उजव्या डोळ्याचीही डावीकडची कड गेली आहे. "हळूहळू जाते ना, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखू." इतक्या सहज म्हणाल्या, जणू फुटल्यावर उरलेले कप मोजत होत्या!

बाहेर सूनबाई उठून उभी राहिली. "काय म्हणाल्या?"

"नजर उत्तम आहे. वयोमानाने थेंब घालावयास सांगितले आहेत."

तिने मान हलविली. औषधाची पिशवी माझ्या हातातून घेतली नाही. माझ्याजवळच राहू दिली.

२२ जानेवारी, शुक्रवार

संताप कोणावर करावा? परीक्षकावर करता येत नाही. खुर्ची ठेवणाऱ्यावरही नाही. डोळ्यावर ओरडून काय उपयोग!

आज फिरताना लक्ष ठेवले. भिंगरी उजवीकडे चालतच नाही. पायरी आली, खांब आला, सायकल आली की ती डावीकडून माझ्या पायास अंग घासते आणि मी नकळत सरकतो. हे केव्हापासून, मला ठाऊक नाही. मैदानातही ती हेच करीत होती. समोर उडी, मागून माझी ओरड, आणि ती मला धक्का लागू नये म्हणून तिथे उभी! तिला शिक्षा म्हणून त्या मूर्खाने मूठ वर केली. आणि मी, "चालती हो."

आज तिला माझ्या ताटातले दिले. ती खाताना पाठीवर हात ठेवून बसलो. तरीही राग जात नाही.

२५ जानेवारी, सोमवार

सूनबाईस बोलाविले.

"माझा गुडघा दुखतो. अंतिम स्पर्धेत कुत्री तू पळवावीस."

"नक्की, बाबा?"

"एकदा सांगितलेले पुन्हा सांगण्याची मला सवय नाही. आणि ओरडू नकोस. ती शब्द ऐकत नाही, खांदे बघते."

"हो का?" हसू दाबीत होती. निर्लज्ज! परंतु चहा चांगला करून आणला.

३१ जानेवारी, रविवार

सूनबाईने स्पर्धेपूर्वी माझी खुर्ची स्वतः नेऊन मांडली. कोठे? अगदी डाव्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, भर उन्हात! इतरांचे आईवडील मध्यभागी मांडवात, आणि मी डब्यांपाशी! घरी गेल्यावर चांगली खरडपट्टी काढावयाची, असे ठरवून बसलो.

शिट्टी झाली. भिंगरी सुटली. तेव्हा ध्यानात आले की सारे मैदान माझ्या उजव्या हाताला आहे. एकही दांडी पडली नाही. प्रत्येक दांडी मला दिसली.

डोळ्यांविषयी मी घरात कोणासही काही सांगितलेले नाही.