दादाने रंगवलेली स्कूटर

खंडेनवमी, संध्याकाळ

पूजेआधी स्कूटर धुतली आणि फडक्याला हिरवा रंग आला. मागच्या आठवड्यात दादा ती मागून घेऊन गेला होता. परत आणली ती स्वतः रंगवून. "तुला दसऱ्याची भेट," म्हणाला. ऑफिसात सगळ्यांना दाखवली मी. आज पुढच्या पत्र्यावरचा पोपडा निघाला. खाली पुट्टी, पुट्टीखाली खोल पोचा.

फोन केला. "पावसाळी हवेत रंग धरत न्हाय की गं. परत मारून देतो."

"दादा, धडकवलीस कुठं?"

"तू चिडली असतीस की."

चिडले असते? बहुतेक हो. पण भेट म्हणायची काय गरज होती?

शेजारच्या काकू पूजेला आल्या, तेव्हा झेंडूचा हार मी मुद्दाम त्या पोच्यावर सोडला. "भावानं छान रंगवली हं," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.