वारं बघायचं तुझ्या वहीत न्हाई

प्रिय बसू,

सोमवारी दुपारी तुझा नदीपलीकडचा तळ मी घेतला. टीव्हीवरच्या तुझ्याच खेळात, तुझाच शिपाई घेऊन. तेव्हापासून शैला माझ्याशी बोलंना झालीय. ताट वाढलं की जेवते, उठते, जाते. म्हणून तुला लिहायलेय. तुम्हा बहीण-भावाचं डोकं एकच, तिला सांगायचं ते तुला सांगितलं तरी चालतंय.

थोरल्या भावासाठी तिचं म्हणणं एवढंच, "अण्णा जिथं सोडून गेला तिथंच त्याच्या शिपायाला राहू द्यायचं ना आई. तू कामून हलवलंस?" तू मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेलास, त्या सकाळी खेळ मधेच थांबवून उठला होतास. तुझा शिपाई नदीच्या अलीकडं झाडाखाली उभा होता. शैला रोज टीव्ही लावायची, त्याला बघायची, बंद करायची. पाच महिने हेच चाललं.

मला ते बघवत नव्हतं. आपल्या लिंगायतांत श्राद्ध न्हाई, कावळ्याला घास न्हाई. लिंगैक्य झालास म्हणाले सगळे, विभूती लावून मातीत बसवलं तुला. ती समाधी मी सोसली. घरात टीव्हीत दुसरी मांडायची नव्हती मला. शैलाला राग येऊ दे, मी चुकले असं मी म्हणणार न्हाई.

पण तुझा खेळ काय सोपा आहे व्हय रे? पहिल्या दिवशी रिमोट हातात घेतला, झाडाखालून दहा पावलं पुढं गेले आणि धाडधाड गोळ्या. सगळं लाल झालं, तू पालथा पडलास. रिमोट टाकून मी मोरीत जाऊन रडले. तू परत झाडाखाली उठून उभा राहिलास ते मी बघितलंच न्हाई, दुसऱ्या दिवशी कळलं.

मग म्हणलं, असं अडाण्यासारखं न्हाई जायचं. तुझी वही काढली. भालकीतल्या तुझ्या दोस्तांसाठी मराठीत लिहिली होतीस ना, कुठल्या तळावर कसं शिरायचं ती. मी उदगीरच्या मराठी शाळेत शिकलेली, अक्षर लागायला वेळ लागला न्हाई. शुद्धलेखनाच्या चुका केवढ्या करतोस रे तू!

"आधी उंचावर चढा. दुर्बिणीतून एकेक शिपाई हेरा, तो दिसला की डोक्यावर खूण येते. सगळ्यांवर खुणा झाल्याशिवाय खाली उतरू नका." हे मला पटलं. लग्नाच्या मांडवात शिरताना मी पण आधी कोण कुठं बसलंय ते बघते.

"भोंग्याचा डबा आधी मोडा, न्हाईतर बाहेरून कुमक येते." हे पण पटलं. "गाडी रस्त्यावर सोडू नका, झुडपात लपवा." "गोळ्या संपत आल्यावर पळापळ करण्यापेक्षा चार उरल्या असतानाच मागं या." किती शहाणा होतास वहीत! रस्त्यावर हेच शहाणपण कुठं गेलं होतं? हेल्मेट घरात खुंटीला होतं, बसू. ते मी अजून माफ केलेलं न्हाई.

वहीत दहा तळ लिहिलेस. अकराव्याच्या, या नदीपलीकडच्या तळाच्या पानावर फक्त तीन शब्द, "उत्तरेची टेकडी. जमेना." पुढं कोरं.

मी पण उत्तरेच्या टेकडीवरूनच गेले. चार वेळा गेले, चार वेळा तू पडलास. तुझे अप्पा सोप्यातून म्हणाले, "लोक काय म्हणतील, पन्नाशीतली बाई बंदुका चालवायलीय." मी म्हणलं, "म्हणू द्या. तुमचा ऊस तोडला तेव्हा न्हाई म्हणाले काही." मंठाळची तुझी आत्या आली होती, ती म्हणाली हिला कुठंतरी दाखवून आणा. तिला चहा दिला आणि परत खेळायला बसले.

पाचव्यांदा मी घाई केली न्हाई. टेकडीवर नुसती बसून राहिले. तळाच्या बुरुजावर एक झेंडा आहे, तो सारखा नदीकडून तळाकडं फडकायला होता. आणि नदीकाठी सगळं वाळलेलं गवत, थेट भिंतीपर्यंत. अरे बाबा! उसाच्या पट्टीतला तू, पाचट जाळताना वारं बघतात हे तुला कुणी सांगितलं नव्हतं व्हय? आग आवाक्यात राहावी म्हणून रानात आपण वाऱ्याच्या उलट अंगानं लावतो. इथं मला आवाक्यात ठेवायचीच नव्हती. टेकडी सोडली, वळसा घालून नदीकडून आले आणि तुझ्या पिशवीतली रॉकेलची बाटली पेटवून गवतात फेकली.

गवत पेटत भिंतीला गेलं, भोंग्याचा डबा जळाला, शिपाई वाट दिसंल तिकडं पळाले. मी दोनच गोळ्या घातल्या. तळ आपला झाला.

शेतात चल म्हणलं की तुझं अंग दुखायचं. एक वर्ष जरी पाचट जाळायला आला असतास तर हे पान कोरं राहिलं नसतं. पण मी तरी काय केलं? "आई, पाचच मिनिटं बस की, बघ तरी," म्हणून किती वेळा हाक मारायचास. भाकरी टाकायच्यात, धुणं पडलंय, उद्या बघते. मी एकदा बसले असते तर झेंडा तेव्हाच दिसला असता मला. तू "आई" म्हणून ओरडला असतास. ते मला ऐकायचं होतं रे.

सोमवारी तळ घेतल्यावर मी मागं वळून तुझ्या नावानं हाक मारली. दारात शैला उभी होती.

तिला मी समजवायला जाणार न्हाई. अकराव्या तळाचं पान मात्र मी लिहून काढलंय, तुझ्या तीन शब्दांच्या खाली, माझ्या अक्षरात. त्या तळाच्या पलीकडं आता नवा मुलूख उघडलाय. तिथलं तुझ्या वहीत काहीच न्हाई. तिथं मी रोज दुपारी जाणार, कुणी कितीही तोंड वाकडं केलं तरी. चुकेन, तू पडशील, मला रडू येईल. डोळे पुसून तुला परत उठवीन आणि पुढं नेईन. झाडाखाली उभा ठेवणार न्हाई तुला, हा माझा शब्द आहे.

तुझीच,
आई