नीलासाठी मागितलेला सल्ला

डोंबिवली,
१२ जून १९९७

प्रिय श्रीपाद,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि आत मजकूर काय, तर पुतणीला घाबरव! नीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाली, कॉलेज सोडून प्रोग्रॅमर व्हायचं म्हणते, तेव्हा ‘तू डिग्रीशिवाय प्रोग्रॅमर झालीस, काय हाल होतात ते तूच सांग, तुझं ऐकेल.’ अरे, माझ्या हालांचा कुणाला असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली आपली कंपनी आठव. मी चेंदणी कोळीवाड्यातली बारावी पास, दिवसभर कॉम्प्युटरमध्ये बिलांचे आकडे भरणारी. तू नौपाड्यातला इंजिनीअर. जेवणाच्या सुट्टीत तू मला कोबोलमध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकवलंस, हे मी कधीच नाकारलं नाही. पुढे गोदामातल्या मालाचा प्रोग्रॅम आपण दोघांनी लिहिला. तलावपाळीला बसून लग्नाचं बोललो, तेही त्याच दिवसांत. आय म्हणायची, “बामनाचा पोर तो, घरान घेतील का तुला?” मी हसायचे.

मग साहेबांनी विचारलं, हे कोणी केलं? मी शेजारीच उभी होते. तू म्हणालास, “मी केलं सर. सगुणाने टायपिंग केलं.” तू इनचार्ज झालास. जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणालास, “अगं, तुझ्याकडे डिग्री नाही. तुझं नाव सांगून काय फायदा? शेवटी आपल्या दोघांचंच ना?” दिवाळीनंतर तुझं लग्न ठरलं. मुलगी बी.एस्सी. होती.

मी राजीनामा दिला. कल्याण-डोंबिवलीतली किती ऑफिसं पालथी घातली! काम दाखवायच्या आधीच सर्टिफिकेट मागायचे. कल्याणच्या औषधांच्या एका व्यापाऱ्याचा, काळुराम शेठचा, माणूस प्रोग्रॅम अर्धवट टाकून पळाला होता, म्हणून त्यांनी नाइलाजाने मला बसवलं. तिथून सुरुवात झाली. आज इथे स्टेशनजवळ दोन खोल्यांचं ऑफिस आहे, चार माणसं आहेत. तरी गेल्याच महिन्यात एका मोठ्या कारखान्याने शिक्षण विचारून मला दारातून परत पाठवलं. चाळिशीला आले रे, अजून बारावीच आडवी येते.

नीला रविवारी आली होती. तुझ्या इच्छेप्रमाणे तिला सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. म्हटलं, राहिलेले पेपर दे, सर्टिफिकेटाशिवाय न उघडणारी दारं माझ्यासाठी अजून बंदच आहेत. आणि आपलं काम आपलं म्हणून सांगायला दुसऱ्यावर अवलंबून राहू नकोस, तो कितीही जवळचा असला तरी. मग म्हणाली, “काका हे कधी बोलले नाहीत.” आणि थोड्या वेळाने, “मावशी, तुमच्याकडे जागा आहे?”

येत्या सोमवारपासून ती माझ्याकडे कामाला येते आहे. पेपरांचा अभ्यास संध्याकाळी इथेच बसून करेल. घरी सांगायचं तिचं धाडस होत नव्हतं, रडायला लागली, म्हणून हे पत्र. दादा-वहिनींना तू सांग. आणि तिला काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेव. ती विचारणार आहे.

तुझी कधीच न झालेली,
सगुणा