येऊ द्या, येऊ द्या, बास!

अंथुर्णे, गुरुवार

आदरणीय दाजी,

मानसिंगचा मनापासून रामराम. गुडघा आता जिना चढू देतो का? ताईची शुगर कशी आहे? (फोनवरच विचारलं असतं, पण ताई फोन स्पीकरवर टाकते आणि मग सगळी बारामती ऐकते.) आम्ही इकडे सुखरूप आहोत, म्हणजे रविवारपर्यंत होतो.

मला ना तंबाखू, ना दारू, हे तुम्ही जाणता. पण कुणाची गाडी मागं येताना दिसली की माझा हात आपोआप वर जातो आणि तोंडातून 'येऊ द्या, येऊ द्या' सुटतं. मग गाडी ओळखीची असो वा नसो. एकदा इंदापूरला दवाखान्यात नंबर लागलेला असताना मी बाहेर एक टेम्पो लावून देत बसलो. आत आलो तोवर डॉक्टर जेवायला गेलेले. दिवाळीत चार दिवस एकही गाडी मिळाली नाही, तर अंगात कसकस आली. शेवटी आमच्या हिने चिडून अंगणात स्कूटी मागं ढकलली, तेव्हा कुठं मला जेवण गेलं.

रविवारी शेळगावचे रामहरी त्यांच्या इंद्रजितला घेऊन आपल्या श्रेयाला बघायला आले. गाडी नवी कोरी, चालवायला खुद्द मुलगा. पोहे झाले, दोघं बोलली, पसंती तोंडावरच दिसत होती. निघताना त्याने गाडी मागं घेतली आणि मी मागं उभा राहिलो. गाडीतला कॅमेरा टीं टीं करायला लागला. मी म्हटलं, "त्येचं काय ऐकता, आमी हाय की हितं!" नेमका त्याच वेळी रस्त्यावर लखनचा उसाचा ट्रॅक्टर मागं यायला लागला. दाजी, इकडे एक मोटार आणि तिकडे भरलेल्या दोन ट्रॉल्या! मी तिकडं वळलो आणि घसा फोडून 'येऊ द्या' सुरू केलं. लखनची ट्रॉली अगदी जागच्या जागी लागली. मोटार मात्र माझ्याच आवाजावर उकिरड्यात गेली, पार मागच्या काचेपर्यंत.

रामहरी उतरले, पांढऱ्या लेंग्यावरचं शेण झटकलं आणि म्हणाले, "पोरगी ग्वाड हाय. पर असलं व्यसन असलेल्या घरात सोयरीक करायची म्हंजी इचार कराय पायजे." तेव्हापासून त्यांचा निरोप नाही. माझ्यापायी पोरीचं ठरता ठरता मोडतंय, हे मनाला फार लागलंय.

आपला,
मानसिंग

ता. क. रामहरी तुमचा शब्द मानतात. पत्र मिळताच शेळगावला जाऊन एवढं सांगा, की मानसिंगने सोडलं, त्याला मी जामीन.

आणखी एक. कधीपासून सोडलं असं विचारलं, तर रविवारपासून म्हणा. (खरं म्हणाल तर आज सकाळपासून, दूधवाल्याची गाडी लावून दिल्यापासून.)

ता. क. मामा, मी श्रेया. पप्पांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडं दिलंय. त्यांना जामीन राहू नका, खोटे पडाल. इंद्रजितचा मला रोज फोन येतो. त्याला कॅमेऱ्यात उकिरडा स्वच्छ दिसत होता. मग थांबला का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाला, "सासऱ्यांचा पयला शब्द कसा मोडायचा?" रामहरीकाकांना एवढंच सांगा, की लग्न करीन तर ह्याच्याशीच.