टर्नटेबल बंद होणार

मल्लेश्वरम, गुरुवार, ७ जुलै १९९४

रेल्वे यार्डातलं टर्नटेबल, इंजिनाचं तोंड वळवायचं ते मोठं चक्र, बंद होणार. इंजिनं यापुढे दुसऱ्या यार्डात, त्रिकोणी रुळांवरून वळवतील. ते चक्र खांदा लावून फिरवणाऱ्या अण्णांच्या टोळीची बदली हुबळीला.

हे माझ्यामुळेच झालं का? गेल्या महिन्यात अण्णांना डबा द्यायला गेले तेव्हा नवे साहेब तिथे उभे होते. "माझी मुलगी, बी.ए. झाली," अण्णांनी सांगितलं. आणि मी साहेबांना इंग्रजीत म्हटलं, या काळात माणसांनी इंजिन ढकलायचं म्हणजे लाजिरवाणं आहे. साहेबांनी मान डोलावली. अण्णांना इंग्रजी कळत नाही. कळत नाही म्हणूनच मी इंग्रजीत बोलले. त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या खांद्यावरचं ठिगळ मला डाचत होतं. ती कणव होती की लाज?

"इंजिन मध्यावर उभं केलं की स्वल्प जोर पुरतो," अण्णा संध्याकाळी आईला सांगत होते. "कुणाला जड जात होतं? कुणीतरी साहेबांचे कान भरले."

"तिकडे तुमच्या जेवणाचं कोण बघणार?" आई म्हणाली. ती त्याच खांद्यावर नवं ठिगळ लावत होती.

अण्णा माझ्याकडे वळले. "तू अर्ज लिही गं. घरात शिकलेली तूच."

इंग्रजीत लिहिला. टर्नटेबल अजून का हवं, सगळं मनापासून लिहिलं. मराठीत सांगितलं तेव्हा अण्णा खूश झाले.

"उद्या तूही चल," म्हणाले. "साहेब तुला ओळखतात."